देवी काढणारे ते व्यवसायोपचारक : मुंबई इलाख्यातील पूरक आरोग्यव्यवसायांची जडणघडण

रुग्णसेवा म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका यांचे काम, अशी समजूत समाजात रूढ असली, तरी आधुनिक रुग्णालयाचा कारभार याहून कितीतरी अधिक व्यवसायांच्या आधाराने चालतो. रक्ताचा नमुना घेऊन तो तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, छातीचे चित्र काढणारा क्ष-किरण तंत्रज्ञ, औषध मोजून देणारा औषधनिर्माता, अशक्त स्नायूंना पुन्हा हालचालीची सवय लावणारा भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणजेच फिजिओथेरपिस्ट, दैनंदिन कामे स्वतःच्या हाताने करण्यास रुग्णाला समर्थ बनवणारा व्यवसायोपचारक म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम अवयव घडवणारा कारागीर-तंत्रज्ञ आणि रुग्णाच्या घरची परिस्थिती जाणून घेणारा वैद्यकीय समाजसेवक, अशा अनेकांचा या कारभारात वाटा असतो. या सर्वांना मिळून येथे ‘पूरक आरोग्यव्यवसाय’ म्हटले आहे. परिचर्येचा इतिहास स्वतंत्र आणि मोठा असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे. मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात या व्यवसायांची जी वाढ झाली, तिच्यात एक क्रम वारंवार आढळतो. साथ, युद्ध किंवा अपंगत्वाचे संकट आधी काम निर्माण करते, मग ते काम शिकवण्याची सोय होते आणि कायद्याची मान्यता सर्वांच्या शेवटी, पुष्कळदा काही पिढ्या उलटल्यावर, मिळते. काम आणि मान्यता यांमधल्या या दीर्घ अंतराचे परिणाम व्यवसाय करणाऱ्यांना जसे भोगावे लागले, तसे रुग्णांनाही भोगावे लागले.

देवी काढणारे

या परंपरेचा आरंभ देवीच्या लसीपासून मानणे सयुक्तिक ठरते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली आणि हिंदुस्थानात यशस्वी ठरलेले ते पहिले लसीकरण होय. ही लस बगदाद आणि बसरा या मार्गाने आली होती. त्या काळी लस साठवून ठेवण्याची खात्रीची पद्धत नसल्यामुळे एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचावा लागे. ही साखळी तुटली की लसच नाहीशी होई. साहजिकच लस जिवंत ठेवणे हे सातत्याच्या भटकंतीचे काम बनले, आणि गावोगाव जाऊन लस टोचणाऱ्या, डॉक्टरची पदवी नसलेल्या, पण एका ठरावीक कौशल्यात तरबेज असलेल्या माणसांची सरकारला गरज भासू लागली.

१८२७ पासून मुंबई इलाख्यात जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यात फिरत्या लसटोचकांवर देखरेख ठेवणाऱ्या अधीक्षकांची नेमणूक होती. ग्रामीण महाराष्ट्रात लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत आणि हे काम करणाऱ्यास लोक सरसकट देवीचा डॉक्टर समजत. त्याच्या कामाची अंगे पाहिली, तर आजच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील पूरक कर्मचाऱ्याची बहुतेक लक्षणे त्याच्यात दिसतात. शस्त्र वापरण्याचे हस्तकौशल्य त्याच्याकडे हवे होते, साधारण आठ दिवसांनी परत येऊन फोड नीट धरला की नाही हे त्याने पाहायचे होते, मुलांची नावे नोंदवहीत चढवायची होती, आणि या सर्वांहून अवघड म्हणजे देवी हा एका देवतेचा संचार आहे असे मानणाऱ्या आईबापांची संमती मिळवायची होती. मूल दंड पुढे करील की घरामागच्या शेतात पळून जाईल, हे बऱ्याच अंशी या कनिष्ठ नोकराच्या बोलण्यावर अवलंबून होते. लसीचे शास्त्र लिहिणाऱ्यांचा त्या क्षणाशी संबंध नव्हता.

१८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना लस टोचणे सक्तीचे झाले. या कायद्याने पालकांवर बंधन घातले. लस टोचणाऱ्याला मात्र व्यावसायिक म्हणून दर्जा दिला नाही. पुढे शंभर वर्षे तो सरकारी नोकरशाहीच्या तळाशी राहिला. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने देवी, हिवताप आणि कुटुंबनियोजन अशा वेगवेगळ्या मोहिमांतील कर्मचाऱ्यांचे एकत्रीकरण करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी नेमण्याची शिफारस केली, १९७५ मध्ये देशातील देवीच्या रोगाचा शेवट झाला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. एका व्यवसायाचे कार्य पूर्णत्वास गेले आणि त्याच यशामुळे तो व्यवसाय अस्तंगत झाला, अशी उदाहरणे आरोग्याच्या इतिहासात विरळाच असतील.

ड्रेसर आणि कंपाउंडर

दुसरी परंपरा लष्करी रुग्णालयांतून आली. जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा तो ड्रेसर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधे कालवून देणारा तो कंपाउंडर, अशी विभागणी कंपनी सरकारच्या पलटणींत होती. यांच्या बरोबरीने देशी वैद्यकीय सहायकांचाही पुरवठा व्हावा, या हेतूने १८२६ मध्ये मुंबईत नेटिव्ह मेडिकल स्कूल सुरू झाले. तेथे डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी वैद्यकीय ग्रंथांची मराठी आणि गुजराती रूपांतरे सिद्ध करवून देशी भाषांतून शिक्षण दिले. हा प्रयोग १८३२ मध्ये बंद पडला. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले सर जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालय सुरू झाले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते आणि उद्दिष्ट पूर्ण पात्रतेचे डॉक्टर तयार करण्याचे होते. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिल्या तुकडीचे पदवीधर १८५१ मध्ये बाहेर पडले. या घटनेचे महत्त्व सर्वमान्य आहे. तथापि तिचा दुसरा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रजीतून शिकलेला पदवीधर एका बाजूला आणि अनुभवातून शिकलेला सहायक दुसऱ्या बाजूला, अशी फूट त्यामुळे पक्की झाली, आणि मराठीतून पद्धतशीर वैद्यकीय प्रशिक्षण देण्याचा जो मार्ग मॅक्लेनन यांनी काढला होता, तो सहायकांसाठीही पुढे मोकळा राहिला नाही.

कंपाउंडरचे शिक्षण बहुतांशी दवाखान्यातच होई. डॉक्टर लॅटिन संक्षेपांत चिठ्ठी लिहीत, कंपाउंडर ती वाचून चूर्णे, अर्क आणि क्षार तराजूने व मापाने घेऊन मिश्रण सिद्ध करी, खलबत्त्यात घोटून पुड्या बांधी, मलम कालवी आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून किती औषध एका वेळी घ्यायचे हे रुग्णाला दाखवून देई. निरक्षर रुग्णाच्या दृष्टीने ही कागदाची पट्टी म्हणजेच औषधयोजनेचे संपूर्ण लेखी रूप होते. विषारी द्रव्यांचे प्रमाण चुकले तर जिवावर बेतू शकत असल्याने या कामात डॉक्टरइतकीच सावधगिरी लागे. तरीही बहुसंख्य कंपाउंडरांकडे कोणतीही मान्य पदविका नव्हती. वर्षानुवर्षे डॉक्टरांच्या हाताखाली काढल्यावर यांतील काही जण लहान गावांत स्वतंत्रपणे औषधे देऊ लागले आणि लोकांनीही त्यांना डॉक्टर म्हणून स्वीकारले. पात्र डॉक्टर उपलब्ध नसणे हे त्याचे कारण होते, आणि मध्यम पातळीच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याला कोणते अधिकार असावेत हे सरकारने कधी ठरवले नव्हते, हे दुसरे.

१९३०-३१ मध्ये कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने औषधनिर्मितीच्या शिक्षणातील आणि नियंत्रणातील उणिवा दाखवून दिल्या. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातील आकडे या उणिवेची व्याप्ती स्पष्ट करतात. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आणि ४० लाख लोकांमागे एक पात्र औषधनिर्माता होता. पात्र औषधनिर्मात्यांची एकूण संख्या अवघी ७५ भरत होती. औषधे मात्र हजारो दवाखान्यांत रोज कालवली जात होती. याचा सरळ अर्थ असा, की हे सर्व काम शासकीय मोजणीत न येणाऱ्या लोकांच्या हातून होत होते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिल्या नोंदणीत दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे कालवण्याचा अनुभव असलेल्यांनाही जागा ठेवावी लागली. जुन्या कंपाउंडरला वगळून नवा व्यवसाय उभा राहू शकत नव्हता, हे वास्तव या तरतुदीत प्रतिबिंबित झाले आहे. पुढे कारखान्यांतून तयार गोळ्या आणि बाटल्या येऊ लागल्या तसे कालवण्याचे काम कमी होत गेले, आणि औषधनिर्मात्याचे लक्ष साठा, साठवणूक, औषधांच्या परस्परक्रिया आणि रुग्णाला द्यायच्या सूचना यांकडे वळले.

प्लेग आणि प्रयोगशाळा

प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा व्यवसाय मुंबईत प्लेगच्या साथीतून आकारास आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्याच मनुष्यबळावर, लसीचे काम आरंभले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लसीला मागणी वाढू लागल्यावर जंतूंची वाढ करण्यासाठी रस्सा शिजवणे, बाटल्या निर्जंतुक करणे, त्या ठरावीक तापमानात ठेवणे, जंतू मारण्यासाठी उष्णता देणे आणि प्रत्येक बाटलीची नोंद ठेवणे ही कामे शेकडो पटींनी वाढली, आणि ती शिपायांना व मदतनिसांना शिकवूनच पार पाडावी लागली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

या कामात सहायकाच्या हाताला किती महत्त्व आहे, हे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी घडलेल्या दुर्घटनेने दाखवून दिले. मुंबईहून गेलेल्या एका बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. चौकशीत प्रथम मुंबईच्या प्रयोगशाळेला जबाबदार धरण्यात आले आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब पुढे शास्त्रज्ञांनी लावून धरली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. या प्रकरणाची चर्चा साधारणतः एका शास्त्रज्ञावर झालेल्या अन्यायाच्या अंगाने होते. पूरक व्यवसायांच्या इतिहासात त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. चिमटा पडल्यावर तो किती वेळ उकळावा, कशात बुडवावा, किंवा बाजूला ठेवून दुसराच घ्यावा, याचा निर्णय त्या क्षणी शास्त्रज्ञाच्या हाती नसतो, आणि ज्याच्या हाती असतो त्याला त्यामागचे कारण माहीत असल्याखेरीज नियम टिकत नाही. प्रयोगशाळेतील कामासाठी केवळ सराव न देता जंतुशास्त्राचे मूलभूत शिक्षणही द्यावे, या भूमिकेचे मूळ अशा अनुभवांत आहे. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, म्हणजे ‘डीएमएलटी’ या नावाने महाराष्ट्रात परिचित झालेला अभ्यासक्रम, ही त्याच भूमिकेची फार उशिराची परिणती होय.

क्ष-किरणांच्या बाबतीतही काम आधी आणि सुरक्षेचे ज्ञान नंतर, असाच क्रम राहिला. १८९५ मध्ये राँटगेन यांनी किरणांचा शोध लावला आणि १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या देहातील गोळ्या शोधण्यासाठी त्यांचा उपयोग केला. सुरुवातीच्या काळात जगभरातील यंत्रचालक नळीची तीव्रता स्वतःचा हात मध्ये धरून अजमावत आणि त्यांपैकी अनेकांना बोटे किंवा प्राण गमवावे लागले. किरणोत्साराची मात्रा मोजणे आणि कर्मचाऱ्याच्या शरीरावर पडणाऱ्या किरणांची नोंद ठेवणे हे काम भारतात ज्या संस्थेने पद्धतशीरपणे हाती घेतले, ती तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र ही मुंबईतीलच. तेथे १९६२ पासून वैद्यकीय किरणभौतिकीची पदविका सुरू झाली आणि १९४१ मध्ये उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या कर्करोग केंद्रांना किरणोपचाराची मात्रा ठरवणारे भौतिकशास्त्रज्ञ मिळू लागले. क्ष-किरण तंत्रज्ञाच्या पोशाखावर लावलेला मात्रामापक बिल्ला हे आज नित्याचे दृश्य आहे.

युद्ध, पोलिओ आणि पुनर्वसन

पुनर्वसन म्हणजे आजार किंवा इजेनंतर उरलेल्या क्षमतेचा जास्तीत जास्त उपयोग करून व्यक्तीला दैनंदिन जीवनात परत आणणे. या क्षेत्रातील व्यवसाय दुसऱ्या महायुद्धाने आणि पोलिओने घडवले. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. अवयव बसवणाऱ्या तंत्रज्ञाला उरलेल्या भागाचे माप घेऊन साचा काढावा लागतो, भार कोठे पडावा आणि कोठे पडू नये हे ठरवावे लागते, आणि रुग्ण चालू लागल्यावर त्याची चाल पाहून जोडणी पुन्हा दुरुस्त करावी लागते. म्हणजे सुताराची व चर्मकाराची कारागिरी आणि शरीररचनेचे ज्ञान यांचा मेळ या एका व्यवसायात घालावा लागतो.

कारागिराच्या या ज्ञानाला किती श्रेय मिळते, याचे सर्वज्ञात उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी केलेले असल्यामुळे अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आणि शेतातील चिखलातून वावरणाऱ्या भारतीय रुग्णाला ते निरुपयोगी ठरे. ही अडचण जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून सोडवली. १९८१ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मात्र डॉ. सेठी यांना मिळाला. या पायाची जगभर ख्याती झाली, तरी त्याच्या घडणीतील शर्मांचा वाटा सामान्य वाचकाला बराच काळ ठाऊक नव्हता.

मुंबईत पोलिओने निर्माण केलेल्या गरजेला सरकारच्या आधी एका आईने प्रतिसाद दिला. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले आणि त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. पोलिओत जंतू मज्जारज्जूतील चेतापेशींवर हल्ला करतात आणि त्यामुळे स्नायूंना मिळणारी आज्ञा थांबते. ताप उतरल्यावर डॉक्टरांच्या हाती करण्याजोगे फारसे उरत नाही, आणि नंतरचे अनेक महिने स्नायू आखडू न देणे, शाबूत स्नायू बळकट करणे, आधारपट्ट्या लावून मुलाला उभे करणे हे सारे काम उपचारकाकडे येते. परदेशी शिकलेले मोजके उपचारक या कामाला अपुरे होते. मुंबई महानगरपालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी भौतिकोपचाराची शाळा आणि केंद्र सुरू झाले, आणि १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आकारास आली. भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटनाही १९५५ मध्येच स्थापन झाली.

व्यवसायोपचाराची शाळा त्याआधी, १९५० मध्ये, त्याच के. ई. एम. मध्ये सुरू झाली होती आणि तिच्या संस्थापक कमला निंबकर होत्या. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णुपंत निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० मध्ये भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन आशिया खंडातील या विषयाची पहिली शाळा परळला काढली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश झाला. भौतिकोपचार हा प्रामुख्याने हालचाल, शक्ती आणि तोल यांवर भर देतो, तर व्यवसायोपचार त्या हालचालीचे रूपांतर उपयुक्त कामात करतो. अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला खांदा उचलता येऊ लागला, तरी त्याला घास तोंडापर्यंत नेता येतो का, लुगडे नेसता येते का, भाकरी थापता येते का, हे प्रश्न वेगळे असतात. मांडी घालून बसणे, जमिनीवरून उठणे, हाताने जेवणे अशा भारतीय घरातील क्रियांचा विचार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत नव्हता. त्यामुळे या दोन्ही व्यवसायांना येथे रुजताना आपली साधने आणि उद्दिष्टे नव्याने आखावी लागली, आणि हे काम कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या विभागाकडून आयते मिळण्यासारखे नव्हते.

याच काळात रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचे जग रुग्णसेवेत आणणारा आणखी एक व्यवसाय उदयास आला. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेमुळे, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमुळे, प्रशिक्षित समाजसेवक उपलब्ध होऊ लागले होते, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. क्षयाचा रुग्ण औषधे अर्धवट का सोडतो, बाळंतीण सांगूनही परत का येत नाही, कृत्रिम पायाचे पैसे कोठून आणायचे, या प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या टेबलावर मिळत नाहीत, हे या नेमणुकीमागचे गृहीतक होते. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत हे पद आज ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाने ओळखले जाते.

वर्ध्याची पद्धत

पूरक कर्मचाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून आखलेल्या आरोग्यकार्यक्रमाचे ठळक उदाहरण विदर्भात आढळते. १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. र. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन अंगांची पद्धत बसवली. कुष्ठरुग्णाला वसाहतीत वेगळे ठेवण्याऐवजी प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घरोघर जाऊन प्रत्येक व्यक्तीची त्वचा तपासावी, बधिर चट्टे ओळखावेत, गावकऱ्यांशी बोलून भीती घालवावी आणि डॅप्सोनच्या गोळ्या नियमितपणे पोहोचवाव्यात, असे तिचे स्वरूप होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाला या पद्धतीचा मोठा आधार मिळाला. निदानाचा पहिला निर्णय येथे डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्याकडे सोपवलेला होता, आणि कार्यक्रमाचा सारा डोलारा त्या निर्णयाच्या अचूकतेवर उभा होता. त्याच सुमारास वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. त्यांतही जोडलेल्या स्नायूला नवे काम शिकवणारा उपचारक नसेल, तर शस्त्रक्रिया वाया जाई. एकीकडे सर्वेक्षण आणि दुसरीकडे पुनर्वसन, अशा दोन्ही टोकांना पूरक कर्मचारी अपरिहार्य होता. तरीही कार्यक्रमांच्या इतिहासात संस्थापकांची नावे राहिली आणि गावोगाव फिरणारे अनामिक राहिले.

नोंदवही आणि अधिकार

स्वातंत्र्यानंतर परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी अनुक्रमे १९४७ आणि १९४८ मध्ये केंद्रीय कायदे झाले. इतर पूरक व्यवसायांना मात्र तसे संरक्षण मिळाले नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने श्रवणतज्ज्ञ, वाचोपचारक, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ अशा काही गटांना नोंदणीखाली आणले. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्या पदव्या राज्यभर एका छत्राखाली आल्या, आणि २००२ च्या राज्य कायद्याने या दोन व्यवसायांची स्वतंत्र परिषद स्थापन करण्याची तरतूद झाली. परळच्या शाळेपासून मोजले, तर कायद्याला अर्धशतक लागले.

संपूर्ण देशासाठीचा व्यापक कायदा त्याहून उशिरा झाला. त्याचे पहिले विधेयक २०१८ च्या अखेरीस संसदेत आले. सुधारित विधेयक सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, मांडले गेले आणि मार्च २०२१ मध्ये संमत झाले. घशाचे नमुने गोळा करणारे, ते तपासणारे आणि कृत्रिम श्वसनयंत्रे हाताळणारे तंत्रज्ञ त्या महिन्यांत साऱ्या देशाच्या नजरेसमोर होते, हे लक्षात घेता संकटानंतर मान्यता हा जुनाच क्रम येथेही दिसतो. राष्ट्रीय पूरक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या या कायद्याने दहा गटांत मिळून पन्नासहून अधिक व्यवसायांची गणना केली आणि त्यांच्यात दोन पातळ्या ठरवल्या. दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण घेतलेला तो पूरक आरोग्य व्यावसायिक, आणि तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण घेतलेला तो आरोग्यसेवा व्यावसायिक. या विभागणीने शिक्षणाचा किमान दर्जा निश्चित झाला, हे तिचे मोल आहे. उपचारकाने रुग्णाला थेट तपासावे की डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतरच पाहावे, अशा अधिकाराच्या प्रश्नांवर मात्र तासांच्या मोजणीतून निवाडा होत नाही, आणि ते वाद पुढेही चालू राहणार हे उघड आहे.

दोनशे वर्षांच्या या वाटचालीवरून एक निष्कर्ष मात्र निश्चितपणे काढता येतो. नोंदवहीत नाव नसणे ही केवळ प्रतिष्ठेची उणीव नाही. जयपूरच्या कारागिराला श्रेय उशिरा मिळाले आणि मुलकोवालच्या मदतनिसाची चूक दूर मुंबईत बसलेल्या शास्त्रज्ञाच्या माथी मारली गेली, या दोन घटना वरवर विरुद्ध दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. ज्याच्या कौशल्याला व्यवसाय म्हणून स्थान नाही, त्याच्याकडे श्रेय पोहोचत नाही आणि उत्तरदायित्वही पोहोचत नाही. यांतील श्रेय हा त्या कर्मचाऱ्याच्या न्यायाचा प्रश्न आहे. उत्तरदायित्व मात्र थेट रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणूनच या व्यवसायांच्या मान्यतेकडे कर्मचाऱ्यांच्या मागणीइतकेच रुग्णाच्या हक्काच्या अंगानेही पाहणे इतिहासाला धरून ठरते.